कुंडीतला शेप्या

"झाड वाढणा नाय असा नाय ओ आई, तीच तेका वाढूक देणा नाय."

वहिनी मागच्या पडवीत बांगडे साफ करता करता आईला सांगत होती. मी खिडकीच्या आत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. कानात इअरफोन होते, पण त्यात काहीच चालू नव्हतं. मला ऐकू येत नाही असं घरात सगळ्यांना वाटतं, आणि त्यामुळे मला बरंच ऐकू येतं.

आई हसली. फार नाही, पण हसली. 'ती' म्हणजे मी, आणि झाड म्हणजे पडवीच्या कठड्यावर निळ्या चपट्या कुंडीत लावलेलं, वीतभर उंचीचं आंब्याचं रोप. ते रोप मी बाठ्यापासून, म्हणजे आंब्याच्या कोयीपासून वाढवलं होतं. मला त्याचं बोनसाय करायचं होतं.

वहिनीला झाडाबद्दल काही कळत नाही, असं मला तेव्हा म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तिचं म्हणणं खरं होतं. बियांपासून बोनसाय करायला बसलेल्या नवशिक्यांना सगळे व्हिडिओ एकच गोष्ट सांगतात. पहिली काही वर्षं ते बोनसाय आहे हे विसरून जा. रोप जमिनीत लावा, नाहीतर खोल डब्यात लावा, त्याला पोटभर खाऊ द्या, खोड जाड होऊ द्या. छाटणी, तार, चपटी कुंडी हे सगळं नंतर. मला हे तोंडपाठ होतं. तरीही रोपाला पाच-सहा पानं आल्याबरोबर मी त्याचं सोटमूळ कापून त्याला त्या निळ्या कुंडीत बसवलं. कारण आमच्या जमिनीत लावलेलं झाड कधी एकाचं राहत नाही. बाबा त्याला शेण घालणार, आई त्याच्यावर फडकी वाळत टाकणार, दादा त्याच्याखाली गाडी लावणार. कुंडीतलं झाड तेवढं माझं राहिलं असतं.

आमचं घर कुणकेश्वरपासून थोडं आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या उतारावर आहे. मागे हापूसची कलमं. बाबांचं सगळं आयुष्य त्या कलमांत गेलं आहे. त्यांच्यासारख्या माणसांच्या लेखी आंब्याच्या दोनच जाती असतात. एक कलम आणि दुसरं रायवळ. बाठ्यातून उगवलेलं ते रायवळ, आणि त्याचा उपयोग एकच: पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याचं डोकं उडवून त्यावर हापूसची काडी बांधायची. खालच्या त्या रोपाला 'खुंट' म्हणतात. एकदा कलम जगलं की खुंटाची आठवण कोणाला राहत नाही.

तरी आमच्या विहिरीकडे एक रायवळ होतं, ज्याची आठवण सगळ्यांना होती. त्याच्या आंब्याला शेपूच्या भाजीसारखा वास यायचा, म्हणून सगळे त्याला शेप्या म्हणायचे. लहान, दोऱ्यांनी भरलेले, चोखून खायचे आंबे. बाजारात कोणी हात लावला नसता, पण बाबा दर वर्षी त्यातले चार आंबे स्वतःसाठी बाजूला ठेवायचे आणि विहिरीच्या कठड्यावर बसून खायचे. एका वादळात शेप्या आडवा झाला. बाबा त्या दिवशी जेवले आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. त्याच उन्हाळ्यातले शेवटचे आंबे चोखून झाल्यावर त्यांचे बाठे मी टाकून दिले नव्हते. कोयत्याच्या टोकाने वरचं टणक कवच फोडून आतली बी काढली, जांभ्याचे बारीक खडे, नदीची वाळू आणि नारळाच्या सोडणाचा भुसा एकत्र करून त्यात आडवी पुरली. बऱ्याचशा कुजल्या. एक उगवली.

कुंडीतलं रोप शेप्याचं आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर बाठ्यातच आहे.

लहानपणी मोसमातला पहिला आंबा देवाला दाखवून झाला की बाबा तो कापायचे. दोन बाजूच्या फोडी आईला आणि दादाला, आणि मधला बाठा मला. तो माझा हक्क होता. कोपरापर्यंत रस गळेपर्यंत मी तो चोखत बसायचे. मग मला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. सकाळी स्कूलबस, संध्याकाळी होमवर्क, आणि घरात हळूहळू एक विचित्र गोष्ट घडली. बाबा माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायला लागले. तलाठी कार्यालयात किंवा बँकेत बोलतात ना, तसं. "जेवलीस का?" "परीक्षा कशी झाली?" दादाशी आणि आईशी मालवणीत आणि माझ्याशी असं इस्त्री केलेलं. मीही तसंच उत्तर देत गेले. पुढे कॉलेजसाठी कोल्हापूर, नंतर घरून करायची नोकरी. परत आले तेव्हा मी या घरातली पाहुणी आहे हे पक्कं झालं होतं. पाहुण्याला बाठा देत नाहीत, फोडी देतात.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. तिचं माहेर तळेऱ्याच्या बाजूला. भात आणि काजू करणारी माणसं, हापूसचं एकही झाड नाही. बीकॉम झालेली, मोठ्याने हसणारी, कोणालाही काहीही विचारणारी. कसली तरी काटकी मातीत खोचायची आणि महिन्याभराने तिथे जास्वंद फुललेली असायची. पहिल्याच मोसमात बाबांनी आंबा कापला, फोडी माझ्या ताटात ठेवल्या आणि बाठा तिच्यापुढे धरला.

"घे पोरी," ते म्हणाले.

तिने तो घेतला आणि चोखला. कोपरापर्यंत रस. मी फोडी चमच्याने खाल्ल्या. छान गोड होत्या.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला, आणि तो मला थांबवता येत नव्हता. बाबा तिच्याशी किती बोलले, माझ्याशी किती. ती कुठल्या गोष्टीवर हसली आणि ते हसले. ते तिला लाडाने 'गो' म्हणायचे. मला त्यांनी शेवटचं 'गो' कधी म्हटलं ते मला आठवत नव्हतं. ती चुलीसमोर बसून भाकरी थापताना बाबा मागून सांगायचे, की त्यांच्या आईची भाकरी अशी फुगायची. ही गोष्ट मला नवी होती. मी त्यांची मुलगी, आणि त्यांच्या आईच्या भाकरीची गोष्ट मला खिडकीतून ऐकावी लागली.

एका पावसाळ्याच्या तोंडावर तिने कलम बांधायला शिकायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे सरळ विचारलं. "बाबानू, माका दाखवा मां." एवढंच. इतकी वर्षं मी त्या कलमांच्या घरात राहिले, बाबांच्या खिशातल्या चाकूला हात लावायची माझी हिंमत झाली नाही, आणि ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून चाकू धरत होती. बाबा तिचं मनगट धरून पातं किती तिरकं लावायचं ते दाखवत होते. मी लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा उघडला.

तिची पहिली बरीचशी कलमं गेली. त्या वर्षी पावसाने उसंत दिली नाही, आणि काळ्या पिशव्यांतल्या खुंटांची मुळं कुजली. मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं नाही हे माझं मलाच जाणवलं, आणि तरीही वाटलं नाही.

मग ऑफिसच्या कामासाठी मला दोन दिवस कोल्हापूरला जावं लागलं. परतीची एसटी तळेऱ्याला उशिरा आली, तिथून देवगडकडची गाडी, मग रिक्षा. घरी पोचले तेव्हा दुपार होती. पाय धुवायला मागे गेले आणि कठड्याकडे पाहिलं.

निळी कुंडी जागेवर होती. माझ्या रोपाला डोकं नव्हतं. अर्ध्यावर सरळ कापलेलं, मधोमध चिरलेलं, त्या चिरेत पाचरीसारखी तासलेली दुसरीच एक काडी बसवलेली, भोवती प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधलेली. वरून एक पारदर्शक पिशवी, आतून घामेजलेली. एखाद्या पेशंटसारखं ते उभं होतं.

बाबा मागून आले. त्यांच्या चेहऱ्यावर, भेट देणाऱ्या माणसाचा असतो तसा आनंद होता.

"तुझं झाड नुसतंच रायवळ होतं," ते म्हणाले. "आता त्याच्यावर हापूस लावलाय. वहिनीने स्वतः बांधलंय, हां."

आणि मी म्हटलं, "थँक यू."

असंच तोंडातून आलं. शाळेत आम्हाला तसंच शिकवलं होतं, कोणी काही दिलं की आधी थँक यू म्हणायचं. मी आत गेले, दार लावलं आणि पलंगावर बसून बॅगेची चेन उघडझाप करत राहिले.

नंतर आईकडून कळलं की पिशव्यांतले खुंट संपले होते आणि बरोबर जाडीचा खुंट पडवीतच दिसला. वहिनीने विचारलं होतं, ता बायचा आसा मां? 'बाय' म्हणजे मी. बाबा म्हणाले होते, बायक आनंदच होतलो. आई हे मला समजवायला सांगत होती, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. तिने विचारलं होतं आणि बाबांनी माझ्या वतीने हो म्हटलं होतं. तिला शिकवायला एक झाड हवं होतं, तर माझं घेतलं.

आणि ते कलम जगलं. तिचं त्या वर्षातलं जगलेलं पहिलं कलम. का जगलं ते मला ठाऊक होतं. बाकीचे खुंट चिकट लाल मातीत कुजले, आणि माझी कुंडी जांभ्याचे खडे आणि सोडणाच्या भुशाची होती, तिच्यात पाणी थांबतच नव्हतं. वरच्या काडीला तांबूस कोवळी पानं फुटली तेव्हा वहिनी पडवीतून ओरडली आणि आई हातातलं टाकून धावली. दादाने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. 'सुनेचा हात', 'गुणाची सून' असे मेसेज दिवसभर येत राहिले. मी एक अंगठा टाकला. कुंडीबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं.

कलम बांधल्यावर एक काम सतत करावं लागतं. खालचा खुंट मेलेला नसतो. तो बांधलेल्या जागेखालून आपली फूट काढत राहतो, आणि ती वाढू दिली तर वरची काडी उपाशी मरते. म्हणून खालची फूट दिसली की खुडायची. बाबांनी वहिनीला हे बजावून सांगितलं होतं, आणि ती कधी चुकली नाही. सकाळी मला खोडावर हिरवा ठिपका दिसायचा. तो शेप्या होता. संध्याकाळी तिथे नुसता डाग असायचा. रोज उठून मी आधी तो ठिपका शोधायचे. एकदा फूट दिसल्यावर मी कुंडी फिरवून ती बाजू भिंतीकडे केली. दोन पानं आली. मी तिला बोट लावलं, चुरगळून वास घेण्याएवढी मोठी नव्हती, पण आणखी चार दिवसांत झाली असती. त्याच दिवशी वहिनी पाणी घालायला आली.

"बाय, हय भिंतीकडे एक फूट ऱवलली बघ," ती म्हणाली आणि नखाने खुडली. "रायवळ कसा डोका वर काढता."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि मला तेच सहन होत नव्हतं. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. माहेरी गेली की माझ्यासाठी काहीतरी आणायची. एकदा तिने जुन्या मोटारीतली तांब्याची बारीक तार गुंडाळून आणून दिली. माझ्या चिंचेच्या रोपांना वळण द्यायला उपयोगी पडेल म्हणून. कठड्यावर माझी चिंचेची दोन-तीन रोपं अजून होती. बिया दगडावर घासून, कोमट पाण्यात भिजवून उगवलेली. तिने विचारलं, माका पण शिकवशीत काय? मी म्हटलं, युट्यूबवर आहे सगळं. ती बरं म्हणाली आणि आत गेली. तार मी कपाटात ठेवून दिली. चिंचेला ती अगदी योग्य जाडीची होती.

वर्ष गेलं. कलम निळ्या कुंडीत मावेनासं झालं. एका श्रावणातल्या सकाळी चहा पिताना बाबांनी जाहीर केलं की आता ते जमिनीत लावायला हवं. विहिरीकडे शेप्याची जागा मोकळीच आसा, ते म्हणाले. वहिनीने हरखून माझ्याकडे पाहिलं, जणू मलाही तेवढाच आनंद होणार होता.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. कप खाली ठेवून एक वाक्य. पण ते वाक्य कुठल्या भाषेत सांगायचं, हे मला कळेना. बाबांशी मी ज्या मराठीत बोलते, त्या मराठीत ते तक्रार अर्जासारखं वाटलं असतं. इंग्रजीत तर हसूच आलं असतं. आणि मालवणीत बोलायची मला लाज वाटायची, कारण वहिनीच्या शेजारी माझी मालवणी टीव्हीवरच्या नटीसारखी वाटायची. मी चहा संपवला.

बाबांनी आणि दादाने खड्डा खणला. शेप्याची जुनी मुळं अजून मातीत होती, काळी, भुसभुशीत, फावड्याने सहज तुटणारी. वहिनीने कुंडी उपडी करून रोप बाहेर काढलं. मुळं जांभ्याच्या खड्यांना घट्ट धरून बसली होती, एक खडाही सुटत नव्हता. सोटमूळ मी जिथे कापलं होतं, तिथून चारी बाजूंना बारीक मुळं फुटली होती. व्हिडिओत दाखवतात तशीच. बोनसायसाठी अगदी हवी तशी.

रोप खड्ड्यात उभं राहिलं. आईने नारळ आणला. आमच्याकडे नवीन काही लावायचं, खणायचं, सुरू करायचं म्हटलं की गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता जागेच्या राखणदाराला मोठ्याने सांगतो की आम्ही काय करतो आहोत, त्याला सांभाळ, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे एकसाथ 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सगळ्यांनी म्हणायचं असतं. मी लहानपणापासून नुसते ओठ हलवत आले आहे.

बाबांनी डोक्याला फडकं गुंडाळलं, दोन्ही हातांत नारळ धरला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा."

"व्हय म्हाराजा."

"आज आमच्या सुनेन आपल्या हातान बांधलेला पयला कलम तुझ्या जमनीत लावतव, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली, दादा म्हणाला. वहिनी लाजून हळू म्हणाली. मी ओठ हलवले नाहीत.

"तेका वाऱ्यापावसातना, वाळवीतना सांभाळ. तिच्या हाताक असोच गुण येवंदे. ह्या झाडार तिचा नाव ऱवांदे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" म्हणायला सगळ्यांनी श्वास घेतला. बांधलेल्या जागेखाली, मातीच्या अगदी वर, एक हिरवा ठिपका मला दिसत होता. तो अजून कोणी पाहिला नव्हता.

"नाय," मी म्हटलं.

बाबांनी डोळे उघडले. गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत. आईचा हात माझ्या दंडाकडे आला आणि तिथेच थांबला. वहिनी माझ्याकडे बघत होती. माझे शब्द ओबडधोबड येत होते, पण एकामागून एक येत होते.

"कलम वहिनीचा. पण खुंट माझो आसा, बाबानू. शेप्याचो."